नसेला चिकटलेला तुकडा

उजव्या कानात आधी नुसती भणभण होती. मग फोन त्या कानाला लावला की पलीकडचं माणूस गप्प. आदिलाबादच्या बाजारात वांगी मोजताना माझा तोल गेला आणि शेजारणीच्या टमाट्यांवर हात टेकला, तेव्हा नवरा हसला, "सकाळी सकाळी काय पिऊन आली वो?" डोक्याचा एमआरआय पाहून इथल्या डॉक्टरांनी हैदराबादला धाडलं, तेव्हा त्याचं हसू गेलं.

कानातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर गाठ होती. कॅन्सर नव्हे, पण मेंदूला दाबू लागलेली. मी सातवीत शाळा सोडली. तेलुगू मला बाजारापुरती येते, हिंदी थोडी बरी. तरी एक गोष्ट चांगलीच कळली. तोंड हलवणारी नस त्या गाठीवर पसरून चिकटली होती. ती तुटली तर अर्धं तोंड लोंबेल, डोळा मिटणार नाही.

ऑपरेशन करणारे साहेब शांतपणे हिंदीत म्हणाले, गाठ पूर्ण काढायला गेलो तर नसेला धोका. नसेवरचा पातळ तुकडा राहू दिला तर तोंड वाचायची आशा जास्त, पण तो वाढतो का हे पुढं वरचेवर तपासावं लागेल.

"पूरा निकालो साहब," मी लगेच बोलले.

आमच्याकडे निंदणाचा कायदाच तसा. सासूबाई मागून येऊन उपटलेलं तण उचलून पाहतात. मूळ तुटलेलं दिसलं की म्हणतात, "तणाची दाढी करून राह्यली का?" मूळ ठेवणं म्हणजे कामचुकारपणा, हेच हाताला वळण.

साहेब म्हणाले, घरच्यांशी बोला, उद्या सांगा.

बाहेर बाकावर समोर एक गृहस्थ चहा पीत होते. असंच ऑपरेशन झालेलं. चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळत होता आणि बायको रुमालानं टिपत होती. मला पाहून ते हसले. अर्धंच तोंड हसलं. मी मान खाली घातली. हात आपोआप गालावर गेला. आपल्याकडचं कुणी जवळ नव्हतं, नवरा औषधं आणायला गेलेला. मी डाव्या कानाला फोन लावला, सासूबाईंना.

"आत्याबाई, डॉक्टर थोडं ठेवतो म्हणते."

"काऊन? मुळासकट काढ म्हना त्याले!"

"ते नसेले चिपकून आहे ना. ओढलं तर नस तुटते म्हणते."

त्यांनी विचारलं, "मिरचीच्या रोपाले तण चिपकते तसं?"

मिरचीच्या वाफ्यात रोप बोटभर असतं आणि तणाचं मूळ त्याच्या मुळात गुंतलेलं. उपटलं तर रोपही हातात येतं. तिथं आम्ही तण नखानं जमिनीलगत खुडतो आणि रोज जाऊन पाहतो.

"हो आत्याबाई. तसंच."

"मंग खुडा म्हना. पाहत राहू आपण. तोंड घेऊन ये माय घरी."

दुसऱ्या दिवशी मी "थोडा रहने दो" म्हटलं. साहेबांनी समजावलं, ऑपरेशन चालू असताना चेहऱ्यात बारीक सुया टोचून मशीनला जोडतात. नस शोधायला हलकासा करंट लावला आणि ती तिथं असली की गाल हलतो, मशीन वाजतं. मला याचीच जास्त भीती वाटली. मी बेशुद्ध, आणि माझा गाल परक्या माणसांना जबाब देणार.

जाग आली तेव्हा कुणीतरी म्हणत होतं, "आँखें बंद करो. दाँत दिखाओ." मी केलं. पण हललं की नाही, कळेना. पायाशी नवरा.

"अवो, सांगा ना!"

"हलून राह्यलं," तो म्हणाला. "दोन्हीकून." आणि तोच रडायला लागला.

पण काही दिवसांनी उजवी बाजू ढिली पडली. डोळा उघडाच राहू लागला. साहेब म्हणाले, सूज आहे, नस शाबूत आहे, मशीन शेवटपर्यंत वाजत होतं, येईल परत. मी मान हलवली आणि विश्वास ठेवला नाही. डोळ्याला मलम आणि पट्टी लावून घरी आले. बाजारात गेलेच नाही. दारात कुणी आलं की पदर ओढायचे.

व्यायामाला सासूबाई समोर बसायच्या. मी भिवई उचलायची, त्याही उचलायच्या. मी गाल फुगवायची, त्याही. शेजारीण पाहून म्हणाली, "दोघी माकडं झाल्या का वो?" सासूबाईंनी तिलाही गाल फुगवून दाखवला.

एक दिवस त्या एकदम म्हणाल्या, "थांब. पुन्हा मीट."

मी मिटला. पापणी खाली आली, अडखळत, आणि खालच्या पापणीला टेकली.

"पुन्हा," त्या म्हणाल्या. त्या पुढं सरकल्या. मी पुन्हा मिटला.

कान गेला तो गेला. तुकडा आत आहे, आणि तपासणीची तारीख जवळ आली की माझं जेवण सुटतं. साहेबांना मात्र रोज हात जोडते. त्यांना ते माहीतही नसेल.