ताईने बांधलेला मासा

आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, कोरियातल्या कुनसान बंदरामागचा सगळा मोहल्ला 'कानवाला मा' म्हणायचा. नाव मा फान-सोक. गॅरेज त्यांचं आणि त्याला लागून माझी सूप-भाताची खाणावळ. मधली भिंत इतकी पातळ, की ते तिकडे शिंकले तर इकडे माझ्या हातातला डाव हलायचा.

जुन्या गाड्या त्यांच्याकडेच यायच्या. उभ्या जागी थरथरणाऱ्या, सिग्नलला बंद पडणाऱ्या. इंजिन हवा ओढतं ते आपल्या ठरलेल्या तोंडाने. पण एखादी रबरी नळी तडकली नाहीतर सुटली, की भलतीकडून हवा आत शिरते आणि मग ते दमेकऱ्यासारखं धापा टाकत बसतं. दुसरे मेकॅनिक साबणाचं पाणी शिंपडून भोक शोधायचे. दाजींचं तंत्र वेगळंच. हातभर लांब नळीचा तुकडा घ्यायचा, एक टोक कानाला लावायचं, दुसरं चालू इंजिनावरून हळूहळू फिरवायचं, आणि डोळे मिटायचे. मग एकदम, "हं, इथं! इथं चोरून पितंय!" काय दिवस होते ते! मी हातातलं काम टाकून बघायला जायची आणि ताई ओरडायची, "अगं, तुझं सूप उतू चाललंय!"

त्यांनी स्वतःची गाडी घेतली तीही कोणीतरी वापरून टाकलेली, चौकोनी, हिरवी. दाजींनी इंजिन खोलून परत जोडलं. ताईने मग रीतीप्रमाणे सगळं केलं. चाकांवर तांदळाची दारू ओतली, चाकाखाली वाळका भोपळा ठेवून फोडला, आणि पांढऱ्या रेशमी दोऱ्याची अख्खी लड घेऊन सुका मासा बॉनेटच्या आत बांधायला वाकली. माशाचे डोळे कधी मिटत नाहीत, तो जागता पहारा देतो, असं आमची आई सांगायची.

दाजी हसून हसून बेजार. "मी इथं हाडाचा मेकॅनिक उभा आहे, आणि बायको रखवालीला मासा ठेवतेय!"

"अहो, हसताय काय? इथं मागे एक पाइप सैल लागतोय हाताला."

"तू तुझा मासा बांध. पाइपाचं मी बघतो."

"बघा हं. नाहीतर मी बांधते."

"बांध बाई, काय बांधायचं ते बांध. तो कोपरा तुझा!"

आणि खरंच, पुढे त्यांनी त्या कोपऱ्याला कधी हात लावला नाही. त्या गाडीने त्यांनी सगळा किनारा पालथा घातला. मागच्या सीटवर मी, मांडीवर किमचीचा, आंबवलेल्या कोबीचा डबा, पुढे दोघांचं अखंड भांडण. ताई बोलायची, दाजी "हं हं" करायचे. मला विचाराल तर जगातलं सगळं सुख त्या मागच्या सीटवर होतं.

मग ताई आजारी पडली आणि गेली. दाजी रडले नाहीत. रोज सकाळी गाडी सुरू करायचे, जरा वेळ आत बसायचे, आणि बंद करून कामाला लागायचे.

हळूहळू माझ्या एक गोष्ट लक्षात आली. भिंतीपलीकडून "दाजी, सूप गार होतंय" म्हणून हाक मारली तरी उत्तर येईना. आधी वाटलं, दुःखात आहेत. मग पाहिलं, गिऱ्हाइकाच्या इंजिनाशी नळी कानाला लावून उभे आहेत, डोळे मिटलेले, आणि काहीच बोलत नाहीत. थोड्या वेळाने गुपचूप साबणाच्या पाण्याची बाटली उचलली. आयुष्यभर इंजिनाशी कान लावला, इंजिनाने कान खाल्ले. चोरट्या हवेची बारीक शीळ त्यांना ऐकूच येत नव्हती.

त्या शरद ऋतूत गॅरेजच्या बोक्याने घात केला. मेला माझ्याच खरकट्यावर पोसलेला! बॉनेट उघडं दिसलं, ताईचा मासा ओढून काढला आणि बाकाखाली बसून फस्त केला. आणि नेमकी त्यानंतर हिरवी गाडी थरथरायला लागली. सुरू व्हायची, दोन धापा टाकायची, बंद पडायची. दाजींनी नळी लावून ऐकलं, काही नाही. साबणाचं पाणी समोरून शिंपडलं, काही नाही. मागचा तो कोपरा मात्र सोडून दिला.

एके सकाळी माझ्या दारात येऊन म्हणाले, "भंगारवाल्या ग्वाकला बोलावलंय. दुपारी नेईल."

"काय? ताईची गाडी?"

"ती गेली, मासा गेला. आता हिची पाळी. रखवालदारच नाही राहिला."

माझं टाळकंच सरकलं. "अहो, माशाला हसणारे तुम्ही! आता माशावर खापर फोडता? चला, दाखवा मला!"

"तू सूप ढवळ, मेव्हणीबाई."

मी ऐकते होय! तशीच एप्रनवर गेले, त्यांच्या हातून नळी हिसकावली आणि म्हटलं, "पायाने गॅस देत राहा, बंद पडू देऊ नका." कानात नुसता खडखडाट. नळी फिरवत फिरवत मागे नेली, ताईच्या कोपऱ्यात. तिथे वाजलं. सूंऽऽऽ. झाकणाच्या फटीतून वाफ निघते तसं.

"दाजी! इथं! इथं चोरून पितंय!"

ते उतरले. माझं बोट दिसलं त्या जागचा पाइप चाचपला, दाबून धरला. इंजिन एकदम शांत झालं, एका सुरात चालायला लागलं. मी टाळ्या पिटल्या. दाजी मात्र वाकलेले ते वाकलेलेच.

मी डोकावले. पाइप जिथे बसतो तिथे आवळायची क्लिपच नव्हती. त्याऐवजी काळ्या, तेलकट दोऱ्याचे वेढे, एकावर एक, घट्ट, आमच्या आईच्या पद्धतीची गाठ. बोक्याने मासा ओढला तेव्हा अर्धे तुटले होते.

"क्लिप लावायची माझीच राहिली होती," दाजी म्हणाले. "इतकी वर्षं तिनेच धरून ठेवलं होतं."

मी दोऱ्याचं तुटकं टोक बोटाने चाचपलं.

"ती म्हणाली होती गं, पाइप सैल आहे." त्यांचा आवाज फुटला. "तेव्हा तर माझे कान चांगले होते."

आणि तिथेच, बॉनेटला टेकून, ताई गेल्यापासून पहिल्यांदा ते रडले. मी पण रडले. बोका बाकाखालून बघत होता.

दुपारी ग्वाक ट्रक घेऊन आला. "कुठली गाडी न्यायची?"

"कुठलीच नाही," दाजींनी नाक पुसलं. क्लिप लावून झाली होती. माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाले, बहिरी माणसं बोलतात तसं, "बाजारात जा. मोठा मासा आण. आणि दोऱ्याची अख्खी लड."