बाजारातला भीमपलास

बँडवाले चाचा कधी कधी फक्त घोडीसाठी वाजवायचे. वरातीत सिनेमाची गाणी संपून पोरं पाणी प्यायला पांगली, की ते क्लॅरिनेटवर भीमपलासाची एखादी जागा घ्यायचे आणि मला म्हणायचे, "नवरदेवाचं ध्यान फोटोत आसतंय, सर. घोडी मातर कान टवकारती." माझी सासुरवाडी भूमची, त्यामुळे गावातल्या निम्म्या लग्नांत मी त्यांना ऐकलं. जेवायलाच गेलेलो असायचो, हे वेगळं सांगायला नको.

मी धाराशिवच्या एका संगीत मंडळाचा चिटणीस होतो. चाचांनी एकदा मला गाठलं. "सर, वरचे दात हलायलेत. ते गेले की क्लॅरिनेट धरता येत न्हाय. दात हायत तवर एकदा बसून पुरा राग वाजवू द्या. जल्मभर चालतच वाजवलंय." मी चेहरा शक्य तितका गंभीर करून म्हणालो, "अर्ज द्या." त्यांनी दिला. आमच्या मंचावर लग्नाचा बँड? कार्यकारिणीत हा विषय दर वेळी शेवटी यायचा, आणि तोवर चहा आलेला असायचा. अशी तीन वर्षं गेली.

आमच्या मैफलीचे नियम कडक होते. खोकायचं नाही, उशिरा यायचं नाही, लहान मुलं आणायची नाहीत. श्रोत्यांनी सोपा मार्ग काढला, ते यायचेच बंद झाले. शेवटच्या मैफलीला अकरा माणसं होती. त्यातले पाच आम्ही पदाधिकारी, आणि त्या पाचांतला मी झोपलेलो. मंडळ बंद करायचं बोलणं निघालं, तेव्हा कुठं मला चाचांचा अर्ज आठवला. कलेची कदर म्हणून नव्हे, माझं चिटणीसपद वाचावं म्हणून.

चाचांना सभागृह नको होतं. "लोकाला कशाला बोलवायचं? लोक जिथं हायत तिथं जाऊ की." मग भूमच्या आठवडी बाजारात, उतरत्या दुपारी, बँड खुर्च्यांवर बसला. तंबोऱ्याच्या जागी बँडमधल्या दोघांनी मोठ्या पितळी भोंग्यांवर षड्ज धरला. वादकांच्या मधोमध चाचांनी रिकाम्या खुर्च्या ठेवल्या होत्या. ज्याला वाटेल त्यानं येऊन बसावं, वाटेल तेव्हा उठावं.

मी चार पानी प्रास्ताविक लिहून आणलं होतं. दुसऱ्या पानावर एकानं मला विचारलं, "बोकड केवढ्याला?" बोकड माझ्या शेजारीच बांधलेला होता. मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात चाचांनी सूर लावून माझी सुटका केली.

ढोलवाल्याच्या बाजूला एक मेथीवाल्या मावशी येऊन बसल्या. आलाप ऐन रंगात असताना म्हणाल्या, "ते मघाचं परत वाजवा की हो." मी नियम सांगायला उठू लागलो. चाचांनी ते परत वाजवलं, दोनदा. नंतर मला म्हणाले, "बाजार हाय, सर. आवडलं तर माणूस परत मागणारच." माणसं येत होती, जात होती, पण खुर्ची एकही रिकामी राहिली नाही. मंडळ वाचलं. मी भाषणांतून "आमचा अभिनव प्रयोग" असं म्हणू लागलो आणि चाचा शेजारी बसून कौतुकानं मान डोलवू लागले.

असे चार बाजार झाले आणि चाचांचे दात गेले. पाचव्या वेळी, तेर गावच्या बाजारात, क्लॅरिनेट त्यांच्या पुतण्याच्या हातात होतं. चाचा वादकांमधल्या एका खुर्चीवर, माझ्याजवळ बसले होते. बोटं मांडीवर आपोआप चालत होती. थोड्या वेळानं ती थांबली. बोळक्या तोंडानं ते म्हणाले, "सर, ऐकणाऱ्याला आसं ऐकू येतंय व्हय? लई गोड हाय की!"

त्यांच्या वाजवण्याची तीन वर्षं मी खाल्ली होती. मी त्यांचा हात धरला आणि माफी मागायला लागलो. "चाचा, माझं चुकलं, मी तेव्हाच तुम्हाला..."

त्यांनी हात सोडवून घेतला नाही. फक्त म्हणाले, "गप ऐका, सर. पुतण्या वाजवायलाय."