ओझेलने गिटार कोरली

ओझेल टेटमने तीस वर्षं ग्रीनवुड गावच्या जिनिंग मिलमध्ये, कापसाच्या यंत्रांच्या खडखडाटात काढली, आणि तेवढीच वर्षं दर रविवारी चर्चमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवली. तिच्या आवाजाला एक धार होती. चाळीस गळे गात असले तरी ती वर निघायची, आणि कुणाला टोचायची नाही.

"अशी वाजते तरी कशी रे?" बाहेरगावचे वादक विचारायचे.

"मक्याचा पाव खाऊ घालतो तिला," ओझेल म्हणायचा.

ओझेलच्या एकसष्टाव्या वर्षी ती धार गेली. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येऊ लागला. त्याने तारा बदलल्या. उंच सूर दाबणारा छोटा कपॅसिटर उपटून टाकला, तारांखालचे पिकअप नवे बसवले, सगळी वायरिंग पुन्हा सोल्डर केली. चार दिवस बरं वाटायचं, की परत तेच. शेवटी त्याचा संशय लाकडावर गेला. दमट हवेने लाकूड मेलं असणार. त्याने गिटार पालथी घातली आणि पटाशीने मागून खळगे कोरायला सुरुवात केली.

त्याची बायको व्हर्लीन दारात येऊन उभी राहिली. "अरे, मुडदा पाडतोयस तिचा!"

"पोकळ झाली की बोलेल."

"ओझेल, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"नंतर."

त्या रविवारी पहिल्याच गाण्याला पोरांनी कानात बोटं घातली. बायकांनी तोंडं वाकडी केली. प्रार्थना संपल्यावर पाद्रीबाबा हळूच म्हणाले, "ब्रदर टेटम, कानात सुई गेल्यासारखं होतंय हो."

"सुई? मला तर नुसता चिखल ऐकू येतोय!"

घरी येऊन त्याने कोटही न काढता पटाशी उचलली. अजून थोडं, अजून थोडं करत तो गिटारच्या मानेपर्यंत पोचला. कोरून झाल्यावर त्याने तारा ताणल्या मात्र, आणि कडकन आवाज झाला. मान सांध्यातून उखडली. दोन तुकडे मांडीवर घेऊन तो जमिनीवरच बसला.

व्हर्लीन त्याच्या शेजारी टेकली. "गेल्या उन्हाळ्यापासून तुला किटलीची शिट्टी ऐकू येत नाही. मीच उठून गॅस बंद करते. गिटार चांगलीच होती रे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू 'नंतर' म्हणायचास. आणि मलाही भीती वाटायची. हेही गेलं तर तुझं उरणार काय?"

तो तिच्यावर खूप ओरडला. मग तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडला.

डॉक्टरांनी तेच सांगितलं: मिलच्या खडखडाटाने कान गेले होते, उंच सूर आता पोचतच नव्हते. कानाच्या यंत्राने बोलणं कळायचं, पण गिटार पत्र्यावर खडे पडल्यासारखी वाजायची, म्हणून वाजवताना तो ते काढून ठेवायचा. महिनाभर खपून त्याने खळग्यांत लाकडाचे ठोकळे चिकटवले, मान जोडली, कपॅसिटर परत बसवला. मग व्हर्लीनला समोर बसवलं. तो वाजवत राहिला आणि ती टोनचा नॉब फिरवत राहिली.

"थांब. हाच."

"हा? हा तर चिखल आहे, व्हर्लीन."

"हाच तुझा आवाज."

त्याने चाकूने नॉबवर तिथे खूण केली. रविवारी लोक डोळे मिटून डुलले. पाद्रीबाबांनी त्याला मिठी मारली. ओझेल हसला आणि बाहेर जाऊन एकटाच गाडीत बसून राहिला.

त्यानंतर चार वर्षं तो त्या खुणेवर वाजवत होता. त्याला मात्र तो आवाज एकदाही ऐकू आला नाही.