चांदीची तार

ऐंशीच्या दशकात आमच्या कोल्हापुरातल्या कॉलेजात हेवी मेटलचा बँड होता, असं सांगितलं की आजची मुलं आदराने बघतात. बघू नये. त्या बँडकडे एक इलेक्ट्रिक गिटार, एक बेस गिटार आणि एक ढोलकीवाला होता. ढोलकीवाला पुढे ड्रम वाजवायला लागला. अ‍ॅम्प्लिफायर मात्र एकही नव्हता.

इलेक्ट्रिक गिटार एका वकिलांच्या मुलाची. मामाने मुंबईहून पाठवलेली. गिटार त्याची म्हणून बँडही त्याचा. आवाज फाटका यावा यासाठी त्याने घरच्या रेडिओच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला होता आणि गिटार त्यात जोडली होती. वकीलसाहेबांना बातम्याही तशाच फाटक्या ऐकाव्या लागत. त्याच्या कमरेच्या चामडी पट्ट्यावर पितळी खिळे चमकत. ते बैलांच्या गळपट्ट्याचे होते, पण तसं म्हटलेलं त्याला खपत नसे.

बेस वाजवणारा हुपरीचा. रोज एसटीने यायचा. त्याला आम्ही नावाने हाक मारत नव्हतो, 'हुपरी' म्हणायचो. बेसही वकिलांच्या मुलाचीच. गोव्याच्या एका बँडवाल्याने टाकून दिलेली. घ्यायला कुणी तयार नव्हतं म्हणून ती याच्या गळ्यात पडली. रेडिओत एकच गिटार जोडता यायची, तेव्हा वर्षभर हा कोरडीच वाजवायचा. ऐकू यावं म्हणून हनुवटी तिच्या लाकडावर टेकवायचा. आवाज जबड्यातून कानात जातो म्हणे. चार तारांपैकी सगळ्यांत जाड तारेवरच त्याचा हात बसला होता. आमच्या संगीताला तेवढी पुरे होती.

मी बीएस्सीला फिजिक्स घेतलं होतं. त्यामुळे वायरी जोडायचं काम माझं आणि कारण नसताना निवेदनही माझं.

गॅदरिंगला दोन दिवस उरले असताना जाड तार तुटली. तशी तार कोल्हापुरात मिळत नव्हती. वकिलांचा मुलगा म्हणाला, "तार आणलीस तर स्टेजवर ये. नाहीतर बेस ठेव आणि कायमचा घरी बस. तुझ्यावाचून काही अडत नाही."

"आबा करत्याल," हुपरी म्हणाला.

आबा म्हणजे त्याचे वडील. घरातच चांदीचे पैंजण करायचे. तार ओढणं हे त्यांचं रोजचं काम. रविवारी मी त्याच्याबरोबर गेलो, गंमत म्हणून. आबांनी तुटकी तार डोळ्यांजवळ धरली, नखाने एक वेढा सोडवला आणि भाजीत माशी निघाल्यासारखं तोंड केलं.

"आत लोखंड हाय की रं! चांदीवाल्याच्या पोरानं लोखंड वाजवायचं व्हय?"

मग भोकं पाडलेल्या पोलादी पट्टीतून त्यांनी पितळेची तार ओढली आणि तिच्यावर चांदीची बारीक तार गुंडाळायला बसले. दोन-अडीच तासांत एक वेढा दुसऱ्यावर चढला नाही. मी इतकं नीट काम फार थोड्या माणसांना करताना पाहिलं आहे.

बेसच्या तारांखाली चुंबक असतं. लोखंडी तार हलली की ते चुंबकाला कळतं आणि तेच पुढे यंत्रात जातं. पितळ आणि चांदी त्याच्या खिजगणतीत नसतात. हे मला परीक्षेपुरतं नव्हे, चांगलं ठाऊक होतं.

आबांनी तार माझ्यासमोर धरली. "पावणं, तुमी शास्त्र शिकताय. चालंल न्हवं?"

"चालेल की," मी म्हणालो. "लोखंडापेक्षा गोड वाजेल."

वकिलांच्या मुलाची जिरवायची होती, हे कारण मी नंतर बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते दिसायला बरं आहे. खरं एवढंच, की लोखंडाला नाक मुरडणाऱ्या माणसाची चांदी मुकी निघालेली बघायची मला हौस आली.

गॅदरिंगचा अ‍ॅम्प्लिफायर मंडपवाल्याचा होता. लग्नं आणि निवडणुका पाहिलेला. दुपारी तो आला तेव्हापासून वकिलांचा मुलगा आपलीच गिटार त्यात तपासत राहिला. बेसची पिन मी अगदी शेवटी खोचली, निवेदन केलं आणि खाली उतरलो. गुलाबी फेटा बांधून आबा पहिल्या रांगेच्या टोकाला बसले होते. त्यांच्याशेजारी उभा राहिलो.

गिटार कर्ण्यातून किंचाळली. ड्रम दणाणले. बेसचं काहीच नाही. हुपरी हनुवटी टेकवून, डोळे मिटून वाजवत होता. त्याला ऐकू येत होतं. त्याला एकट्याला.

"आमची कुठली?" आबांनी विचारलं.

"हीच. किंचाळतेय ती."

आबा थोडा वेळ ऐकत राहिले. "चांदी अशी वरडती व्हय?"

गाणं संपता संपता मागची पोरं सुरू झाली. "ए हुपरी, आज उपास हाय काय रं?" मग सगळेच टाळ्यांच्या तालावर "हुपरी! हुपरी!" ओरडायला लागले. आबांनी फेटा सारखा केला. "गावाचं नाव घ्याय लागल्यात," म्हणाले.

हुपरीने डोळे उघडले. जाड तार छेडून कर्ण्याकडे पाहिलं. शेजारची बारीक तार छेडली. ती दणकन वाजली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. वकिलांच्या मुलाने त्याच्या कानाशी दोन शब्द बोलून बेस काढून घेतली.

"उतरला का वो?" आबा.

"त्याचं एवढंच होतं."

स्टेजमागे तो बेसच्या खुंटीवरून आपली तार सोडवत होता. वर न बघता म्हणाला, "तुला ठाव हुतं."

"हो."

मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं, माझ्यासाठी. "आबास्नी सांगू नगंस," तो म्हणाला. "वाजली म्हण."

फाटकाशी आबा वाट बघत होते. "वाजली न्हवं बरी?"

"वाजली की."

"मग म्होरल्या वर्साला चारी करतो. चांदीच्या."

हुपरीने तारेचं वेटोळं खिशात सारलं आणि बापाच्या पुढे होऊन स्टँडची वाट धरली.

"करा," म्हणाला.