नसीबाच्या हातचं पाणी

राहीबाईचा गुड फ्रायडेचा उपास स्वतःच्या घरात कधी सुटायचाच नाही. तो गुलाम हुसेनचाचांच्या दारात सुटायचा.

चौऱ्याऐंशीच्या दंगलीत चाचांचा कापडाच्या लूमचा कारखाना जळाला. राहीबाई तिथंच सुताच्या कांड्या भरायची. राख उपसताना छपराचा एक वासा जरा शाबूत मिळाला, तो तिनं क्रूस करायला मागितला. चाचा म्हणाले, जळकं लाकूड कशाला नेतेस?

"चांगलं लाकूड कपाटाला जातं चाचा. क्रूसाला हेच बरं."

पुढच्या गुड फ्रायडेला तिच्या शेलार गावातल्या खोलीत प्रार्थनेला जमणारी माणसं तो क्रूस आळीपाळीनं खांद्यावर घेऊन निघाली, चाचांच्या गल्लीत दमून थांबली, आणि चाचांची सून नसीबा आपणहून कळशी घेऊन बाहेर आली. झालं, रीतच पडली. नसीबाच्या हातचं पाणी प्यायलं की उपास सुटला.

नव्वद साली गुड फ्रायडे रमजानमध्ये येत होता. नसीबानं जानेवारीतच सांगून ठेवलेलं, राहीमावशी, यंदा संध्याकाळी या, तुमचा उपास नि माझा रोजा एकदम सोडू.

त्याच्या आधी निवडणूक आली. राहीबाईचा धाकटा भाऊ दौलत एका पक्षाच्या मागे फिरायला लागला. ख्रिस्ती दफनभूमीला जागा देतो म्हणाले होते ते लोक, आणि तेवढ्यावर हा खूश. क्रूस राहीबाईच्या खोलीत असायचा. दौलत तो मागायला आला, म्हणाला शांतीची प्रार्थना आहे, सगळ्या धर्मांची माणसं येणार आहेत. ती म्हणाली, ने, पण जपून. स्वतःच्या हातानं फडक्यानं पुसून दिला हो तिनं!

दुपारी ती धामणकर नाक्यावर भाजी घेत होती. मिरवणूक आली. पुढे क्रूस, क्रूसाच्या आडव्या लाकडावर खिळे ठोकून पक्षाचा झेंडा लावलेला, आणि खाली दौलत, गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता. ह्या देशात कुणी राहायचं आणि कुणी चालतं व्हायचं, अशा त्या घोषणा. मिरवणूक चाचांच्या गल्लीकडे वळली तशी राहीबाई पिशवी तिथंच टाकून पळाली.

चाचांच्या दारासमोर तिनं क्रूस धरला. दौलत दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, सोड. आपण मूठभर आहोत. ह्यांच्यात दिसलो तर उद्या आपल्याला कुणी हात लावणार नाही."

"मग तुझ्या खांद्यावर झेंडा घे ना. माझ्या येशूला कशाला जुंपतोस?"

कुणीतरी हसलं, बाई मतदान येशूला करणार वाटतं. धक्काबुक्की झाली, तिचा कोपर फुटला, पण क्रूस तिनं सोडला नाही. शेवटी दौलतनंच हात काढला. तो तिच्याकडे न बघताच पुढे गेला.

घरी तिनं पक्कडीनं खिळे उपटले. भोकं राहिली.

गुड फ्रायडेला दौलत आला नाही. त्याच्यामुळे अर्धी माणसंही आली नाहीत, राहीबाईनं दफनभूमी घालवली म्हणत होती ती. उरलेल्या चौघीजणींनी क्रूस उचलला. सूर्य बुडता बुडता त्या चाचांच्या दारात पोचल्या. दार बंद.

राहीबाईनं कडी वाजवली. चाचा बाहेर आले, त्यांनी क्रूसावरच्या भोकांकडे बघितलं, नि नुसते बाजूला झाले. आत नसीबा उभी होती.

"मावशी, तुम्ही तो क्रूस काढून नेलात, मी बघितलं खिडकीतनं," ती म्हणाली. "पण त्याच्या आधी तो दारात उभा होता ना. माझी नूरी खाटेखाली जाऊन बसली. आताही तुम्ही येताय दिसल्यावर तिथंच गेलीय."

राहीबाईच्या तोंडात आलं होतं, मला फसवलं गं, मी प्रार्थनेला दिला होता. पण ते त्या खाटेखालच्या पोरीला काय सांगणार? नेहमी तोच क्रूस बघून ती पोर टाळ्या पिटत धावत यायची.

अजान झाली. नसीबानं मान खाली घालून दार लोटून घेतलं. आतून भांड्यांचे आवाज आले.

बायकांनी राहीबाईला चल म्हटलं. तिनं आधी क्रूस दारासमोरून हलवला, गल्लीच्या कोपऱ्यापलीकडे, खिडकीतून दिसणार नाही असा नेऊन ठेवला. मग एकटीच परत आली आणि चाचांच्या पायरीवर बसली, रिकाम्या हातांनी. घसा कोरडा पडला होता. पलीकडच्या टपरीवाल्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला. तिनं घेतला नाही.