आठ चुलींचा तवा

भामाबाईच्या हातचं धिरडं ज्यानं खाल्लेलं नाही, त्याच्याशी मी खाण्यापिण्यावर बोलत नाही. वेळ वाया जातो. मी बद्रीनाथ. शिरूर कासारजवळ आमच्या दूध संघाचं संकलन केंद्र आहे, तिथं मी दुधाची फॅट काढतो, म्हणजे दुधात स्निग्धांश किती ते मोजतो, आणि माझी जीभ जरा लाडावलेली आहे हे माझी बायकोही सांगेल. ज्वारीचं आणि हरभऱ्याचं पीठ, मिरची, लसूण, जिरं. एवढ्यावर ती बाई असं जाळीदार, कडेनं कुरकुरीत धिरडं काढायची की पहिलं तोंडात असतानाच दुसऱ्याची काळजी लागायची.

ही गोष्ट २०१३च्या उन्हाळ्यातली. विहिरींनी तळ दाखवला होता, म्हणून संघानं केंद्राशेजारच्या माळावर चारा छावणी उघडली. जनावरं तिथं, म्हणून माणसंही तिथंच. भामाबाई आणि तिचा नवरा सिदू मेंढरं विकून, उरलेल्या दोन गाई घेऊन छावणीत राहायला आले होते. भामाबाईचा आठ बायकांचा बचत गट होता, आणि त्या सगळ्याही छावणीतच होत्या. आठीजणी दरवर्षी दसरा झाला की नवऱ्यासोबत ऊस तोडायला जायच्या आणि सहा महिने परमुलखात पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, घालून राहायच्या. त्या साली मात्र संघानं केंद्राच्या आवारात कँटीन काढायचं ठरवलं. चेअरमन भगवानराव गटाला म्हणाले, "संचालक मंडळाला एकदा जेवू घाला. पसंत पडलं तर कँटीन तुमचं, न्हाई तर गावातला हाटेलवाला तयार हाय."

कँटीन मिळालं तर ऊसतोड सुटणार होती! भामाबाईच्या अंगात वारंच शिरलं. दूध घालायला आली की ती माझ्याशी दुसरं काही बोलायचीच नाही. "बद्रीभाऊ, साहेब लोकांला धिरडं आन् गुळवणी घालायची. बोटं चाटत बसतेल बघा."

बोटं चाटतील याबद्दल मला शंका नव्हती, कारण तिच्याकडे तो तवा होता. सासूकडून आलेला, बिडाचा, जाडजूड. बहात्तरच्या दुष्काळात सासू त्यावर मिलोच्या, रेशनवरच्या लाल परदेशी ज्वारीच्या, भाकरी भाजायची. चाळीस वर्षांत तो काळा कुळकुळीत आणि असा गुळगुळीत झाला होता की धिरडं नुसतं उलथनं दाखवलं तरी सुटायचं. बाकीच्या बायकांकडे पत्र्याचे तवे होते. ऊसतोडीच्या गाडीत बिडाचा तवा आदळून फुटतो, म्हणून कुणी बाळगत नसे; भामाबाई आपला घरी ठेवून जायची. पत्र्यावर भाकरी होते, धिरडं मात्र जळतं.

आणि जेवणाला अठरा दिवस राहिले असताना भामाबाईनं तो तवा स्वतःच्या हातानं फोडला. तवा चुलीवर रिकामाच रसरसत होता. तेवढ्यात टँकर आला! दोन दिवसांनी आलेला टँकर. बाई तवा विसरून धावली, धक्काबुक्की करून भरलेला हंडा डोक्यावर घेऊन आली, चुलीपाशी वाकली आणि हंडा हिंदकळला. ताडकन आवाज झाला. मी केंद्राच्या पायरीवरून ऐकला. जाऊन बघतो तर तव्याची दोन शकलं.

"जनमभर आमाला सांगती, तापल्या तव्याला पानी लावू नका," सिदू म्हणाला, "आन् सोता..." पुढचं त्यानं गिळलं, कारण भामाबाईनं उलथनं उचललं होतं. पण ती मारायच्या ऐवजी खाली बसली आणि ढसाढसा रडली. मला फार वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, त्यात निम्मं दुःख धिरड्यांचं होतं.

माझी बहीण परळीला दिलेली आहे, तिथल्या बाजारात बिडाची भांडी मिळतात हे मी बघितलं होतं. दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकून मी परळी गाठली आणि बाजार पालथा घालून बिडाचा नवा तवा आणला. भामाबाईनं त्यावरून हात फिरवला. करडा, खरखरीत. "भाऊ, ह्यो लई कोरा हाय. ह्याला सहा महिने तेल पाजावं लागतंय. तेल कुठनं आनू?"

छावणीत गोडं तेल कुणाच्याच डब्यात बोटभरापेक्षा जास्त नव्हतं. मग बायकांनीच तोड काढली. घरोघरचं दूध एका कॅनमध्ये जमतं, तसं तव्याला तेल पाजायचं. रोज एका चुलीवर तवा जायचा, आणि ती बाई आपल्या वाटणीचं चमचाभर तेल अर्ध्या कांद्यानं त्यात जिरवायची. आठ चुली, दोन फेऱ्या, सोळा दिवस. मी रोज फॅट काढून झाली की तवा बघायला जायचो. तो तांबूस झाला, मग तपकिरी, मग काळपट! दहाव्या दिवशी त्यावर तुकतुकी आली तेव्हा मी केंद्रावर येऊन सगळ्यांना ओरडून सांगितलं. एका गवळ्यानं विचारलं, "मुलगा झाला का?"

शेवटची पाळी सुभद्राबाईची होती. गटातली सगळ्यात लहान, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली, फार सोशिक आणि नीटनेटकी पोर. दुसऱ्याचं भांडं परत करताना घासूनपुसून द्यावं, एवढं तिला आईनं शिकवलेलं. पहिल्या फेरीत तिनं तवा पुढच्या चुलीला दिला होता, आता तो भामाबाईला परत करायचा होता, आणि तेल आत मुरलं, वर राहिली ती नुसती काजळी, असं तिला वाटलं. तिनं विटकरीचा चुरा आणि वाळू घेतली, आणि दुपारभर हात दुखेस्तोवर तो तवा घासला.

जेवणाच्या दिवशी, शुक्रवारी सकाळी तिनं पदराखालून तवा काढून भामाबाईच्या हातात दिला. लख्ख! परळीच्या दुकानातून आणला तेव्हाही तो इतका कोरा नव्हता. "काकू, लई काळा झालता. घासून आनला बघा," ती हसून म्हणाली. मग सगळ्यांची तोंडं बघितली आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं. कुणीतरी बोलून गेली, "बाई, तू तर आमाला पुन्हा उसात घातलं." सुभद्रा वळली आणि कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसली.

दहा वाजता भगवानराव संचालकांना घेऊन आले. मांडी घालून पंगत बसली. छावणीतली माणसं कडेनं उभी राहिली. भामाबाईनं पहिलं धिरडं घातलं. चिकटलं. खरवडून काढलं, दुसरं घातलं. त्याचा चुरा झाला. तिसरं फाटलं. एक संचालक घड्याळ बघायला लागले. मी हात चोळत उभा होतो.

"साहेब, बसा," भामाबाई मान वर न करता म्हणाली. "तवा कोरा हाय. फाटकं मी वाढत नसते."

मग काय झालं सांगू! एक बाई आपल्या पालाकडे पळाली आणि बाटलीच्या तळाशी राहिलेलं तेल घेऊन आली. दुसरी गेली, तिसरी गेली. सिदूनं चुलीत तुराट्या सारल्या. तवा धुरायचा, कांदा फिरायचा, पुन्हा धूर, पुन्हा कांदा. चौथं अर्धं सुटलं. पाचव्याची नुसती कड चिकटून राहिली. माणसं कुस्तीच्या फडासारखी पुढं सरकली. "सुटतंय, सुटतंय!" मी चेअरमनच्या खांद्यावर हात ठेवून ओरडत होतो, हे मला नंतर कळलं. सातव्याखाली भामाबाईनं उलथनं घातलं, मनगट फिरवलं, आणि अख्खं धिरडं, जाळीसकट, उलटं पडलं! छावणीत असा गलका झाला की गाई दावणीला उठून उभ्या राहिल्या.

भगवानरावांनी ताट पुढं केलं. भामाबाईनं धिरडं ताटलीत घेतलं, त्यावर गुळवणी ओतली, आणि पंगतीच्या समोरून सरळ कडब्याच्या गंजीमागं गेली. सुभद्राला दंडाला धरून चुलीपाशी आणलं.

"खा."

"काकू, मी न्हाई. साहेबांला द्या," सुभद्रा हुंदके देत म्हणाली.

"अहो भामाबाई, आमी केवढ्या वेळाचे बसलोय," भगवानराव म्हणाले.

"आनखी जरा बसा. आमी आठजणी हाव साहेब. सातजणीला तुमचं कँटीन नको." आणि तिनं घास मोडून सुभद्राच्या तोंडात घातला. सुभद्रा रडत रडत चावत होती. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. ते धुराचं होतं असं मी त्या वेळी सांगितलं, पण धुराचं नव्हतं.

भगवानरावांनी चार धिरडी खाल्ली, पाचव्याला नको नको म्हणत ताट पुढं केलं, आणि हात धुवायच्या आधीच कँटीनची किल्ली भामाबाईच्या ओटीत टाकली.

दसरा झाल्यावर ऊसतोडीचा मुकादम ट्रक घेऊन वस्तीवर आला आणि नावं पुकारू लागला. आठांतल्या एकीनंही ओ दिली नाही. त्या सगळ्या कँटीनमध्ये होत्या, आणि तव्यावर सुभद्रा बसली होती.