नऊ नंबरचं पातं

इर्मा निएमीशी वाद घालायचा असेल तर आधी पोटभर जेवून जा, असं मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते. बाई दमत नाही, तुम्ही दमता. आयुष्यभर शाळेची बस चालवली तिने. नऊ नंबरची. मिशिगनच्या या वरच्या टोकाला बर्फात अर्धं वर्ष रस्ता दिसत नाही, पण नऊ नंबर कधी उशिरा आली नाही. आणि बसमध्ये एक पोरगं जागेवरून उठेल तर शपथ! आज आमच्या टॅमरॅक गावातले निम्मे बाप्ये तिने आरशातून डोळे वटारून वाढवलेले आहेत.

मी कोरीन. लोकांनी मारलेली हरणं सोलून, कापून, कागदात बांधून देणं हा माझा धंदा. ऑक्टोबर लागला की धनुष्यवाले येतात, नोव्हेंबरच्या मध्यावर बंदूकवाले. मला दोघांचं सारखंच. हरीण टेबलावर आलं की कुणी कशाने मारलं ते मी विचारत नाही, न विचारता सांगतात मेले, तासभर सांगतात.

इर्मा मात्र कधी सांगत बसली नाही. एक बाण, एक हरीण. "हे घे, फऱ्याचा खिमा कर," एवढं बोलून निघून जायची. तिचं धनुष्य दोन्ही टोकांना चाकाच्या कप्प्या लावलेलं, बाणांची पाती ती स्वतः कानशीने घासायची, आणि प्रत्येक पात्यावर खिळ्याने नऊचा आकडा कोरायची. का, म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाली, "माझं लोखंड कुठे सापडलं तर माझं म्हणून ओळखू यावं."

धनुष्यवाल्यांच्या क्लबची ती अध्यक्ष. क्लबचं तळ्याकाठचं जंगल, क्लबचे नियम. त्यातला एक नियम तिनेच घातलेला. सप्टेंबर संपता संपता सगळ्यांनी मैदानात जमायचं, गवताच्या भाऱ्यावर जेवायची कागदी ताटली टाचायची आणि तीन बाण मारायचे. एक जरी ताटलीबाहेर गेला तरी त्या वर्षी धनुष्याचा हंगाम घरी बसून काढायचा. मोठमोठे शूर वीर त्या ताटलीपुढे रडवेले झालेले मी पाहिलेत. इर्मा म्हणायची, "हरीण आपलं काही देणं लागत नाही. नेम नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये."

आणि दुसरा नियम क्रॉसबोचा. म्हणजे बंदीचा. आता सरकारने क्रॉसबोला धनुष्याच्या हंगामात केव्हाच मोकळीक दिली, पण क्लबच्या जंगलात इर्मा तो शिरू देईना. "दस्ता आहे, चाप आहे, वर दुर्बीण आहे. दोरी घरून ताणून आणायची आणि हरीण दिसलं की बोट हलवायचं. याला धनुष्य म्हणायचं तर माझ्या बसला घोडागाडी म्हणा! हरणासमोर हात थरथरत असताना दोरी ओढून धरावी लागते, त्यात सगळा कस आहे. तो नको असेल त्याने नोव्हेंबरात बंदूक घेऊन यावं."

हे ती बोलली तेव्हा समोर तिचा सख्खा भाऊ उभा होता, वेस.

दोघं लहानपणापासून एकत्र शिकारीला जाणारी. बाप खाणीत, आई आजारी. या दोघांनी आणलेल्या हरणावर घर जेवायचं. इर्माचा नेम आणि वेसचा माग. जखमी हरीण कुठे वळेल हे त्याला पानावरच्या रक्ताच्या थेंबावरून कळायचं. मग लाकडाच्या गिरणीत एक ओंडका घरंगळला आणि वेसचा डावा हात खांद्यापासून निकामी झाला. खिशात घालून फिरतो, टेबलापेक्षा वर उचलत नाही. धनुष्य पेलायचं कशाने? त्याने क्रॉसबो घेतला. तो फिरकीच्या हँडलने एका हातानेही ताणता येतो. मोठ्या आनंदाने बैठकीला घेऊन आला बिचारा.

"माझ्यासाठी तरी, इर्मा," तो म्हणाला.

"तुझ्यासाठी केलं तर उद्या सगळ्यांसाठी करावं लागेल," ती म्हणाली. "नियम म्हणजे नियम."

वेसने जंगलाच्या फाटकाची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला. भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, चार दिवसांत मिटलं असतं. तेव्हापासून बहीणभाऊ चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसायला लागली. मला इतका राग यायचा दोघांचा! एवढ्याशा गावात मी कुणाशेजारी बसायचं?

आणि मग इर्माचाच खांदा गेला. उजवा. बसचं दार उघडायचा लोखंडी दांडा असतो ना, तो आयुष्यभर उजव्या हाताने ओढून ओढून आतली शीर झिजली. डॉक्टर म्हणाले, शिवून उपयोग नाही. ही कुणाला बोलली नाही. मला कळलं ते दुकानात कॉफीचा कप तिने डाव्या हाताने उचलला तेव्हा.

"मग हंगामाचं काय?" मी विचारलं.

"काय म्हणजे? जाणार."

"दोरी ओढणार कशी?"

"तू तुझी सुरी बघ."

तिने काय केलं, तर धनुष्याचे स्क्रू सैल केले. ताण कमी, कमी, आणखी कमी, पोराच्या हातात द्यावं इतका. सप्टेंबरात ताटलीपुढे उभी राहिली आणि तीनही बाण अगदी मधोमध. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. फक्त बाण भाऱ्यात पूर्वी पिसांपर्यंत घुसायचे, ते आता निम्मे बाहेर लोंबत होते. पण आमच्यात तसं बघायची पद्धतच नाही. ताटली लागली ना? संपलं. नेम बघायचा नियम होता, जोर बघायचा नव्हता.

ऑक्टोबरात तळ्याकाठी एक जाड मानेचा नर तिच्यासमोर आला. बाण नेमका गेला, फासळ्यांच्या पुढे, फऱ्याच्या म्हणजे खांद्याच्या हाडाच्या कडेला. जुन्या धनुष्याने तो पार झाला असता. या वेळी ठक्‌ असा आवाज आला आणि हरीण अर्धा बाण मिरवत पळालं.

आमच्याकडे रक्त सांडलं की भांडणतंटा बाजूला. ज्याला बोलावणं जाईल त्याने हातातलं काम टाकून माग काढायला यायचं, शत्रू असला तरी. इर्माने सगळ्यांना बोलावलं. मला बोलावलं, डेल्बर्टला बोलावलं, ज्याच्याशी तिचं दर बैठकीत वाजायचं. आम्ही गुडघ्यांवर रांगत पानं उलटीपालटी केली. मोडलेली बाणाची काडी सापडली, पातं नव्हतं. दलदलीच्या काठाला रक्त संपलं. "वेसला फोन करू का?" मी विचारलं, तर माझ्याकडे तिने असं बघितलं की मी फोन खिशात घातला.

हरीण मिळालं नाही. मारून हरवलेलं हरीण आपल्याच खात्यात धरायचं, ही क्लबची रीत. इर्माने खिशातून एका हरणापुरता मिळणारा परवान्याचा टॅग काढला, माझ्याकडून कात्री मागून घेतली आणि सगळ्यांदेखत त्याचे दोन तुकडे केले. तिचा हंगाम संपला. "कुठेतरी कुजत पडलं असेल," म्हणाली, "माझ्यामुळे." त्यानंतर ती दुकानात यायची बंद झाली. धनुष्य विकायला काढलंय असं कानावर आलं. मला वाईट वाटलं, फार वाटलं. बाईला धनुष्याशिवाय कल्पनेतसुद्धा उभं करता येईना.

नोव्हेंबरात बंदुका सुरू झाल्या. तळ्यापलीकडच्या एकाने जाड मानेचा नर आणून टाकला. फरा उतरवताना माझी सुरी करकरली. बघते तर हाडात लोखंड. भोवती पांढरी चिवट गाठ धरलेली, जखम आतून भरून आलेली. पकडीने ओढून काढलं, नळाखाली धरलं. खिळ्याने कोरलेला नऊ.

हात न धुताच निघाले. इर्मा स्वयंपाकघरात बसली होती. मी पातं टेबलावर ठेवलं.

"कुजलं नव्हतं गं," मी म्हणाले. "परवापर्यंत चरत होतं. चरबी बघायला हवी होतीस, दोन बोटं जाड."

मला वाटलं आता रडेल, माझ्या गळ्यात पडेल. कसचं काय! तिने पातं उचललं, चष्मा लावला, आकडा बघितला आणि विचारलं, "हाडात किती गेलं होतं?"

मी नखाएवढं दाखवलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"म्हणजे नेम बरोबर होता," ती म्हणाली. "आणि महिनाभर माझं लोखंड हाडात घेऊन लंगडत होतं ते. कशासाठी? तर इर्मा निएमीला दुसऱ्याचं यंत्र हातात धरायची लाज वाटली म्हणून." मग तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. "वेस असता तर मिळालं असतं, कोरीन. त्याच दिवशी मिळालं असतं."

"मग बोलवायचं होतंस!" मी ओरडलेच. "मी फोन हातात धरून उभी होते, बये!"

तिने पातं उचलून खिशात टाकलं. 

डिसेंबरातल्या रविवारी क्लबची वार्षिक बैठक. प्रार्थनेनंतर, दुपारी, सगळ्यांनी घरून पास्टी आणलेल्या, खिमा-बटाट्याच्या, माझ्या सगळ्यांत चांगल्या. इर्मा उठली आणि पातं पास्टींच्या शेजारी ठेवून दिलं.

"क्रॉसबोला आपल्या जंगलात परवानगी द्यावी, असा ठराव मी मांडते," ती म्हणाली.

डेल्बर्ट इतका खूश झाला की खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. "का गं इर्मा, आता बसला घोडागाडी म्हणायचं का मग?"

"म्हण की. तू लहानपणी माझ्या बसमध्ये ओकायचास, तेव्हा तबेलाच वाटायचा." सगळे हसले, पण ती हसली नाही. "ऐका. दोरी ओढण्यात कस आहे असं मी म्हणत आले. आहेच. पण तो कस माझा, त्यात हरणाचा काय संबंध? त्याला बाण पार जाण्याशी मतलब. ज्याचे हात चालतात त्याने ओढावी दोरी, मी त्याचं कौतुक करीन. ज्याचे चालत नाहीत त्याने सैल धनुष्य घेऊन जनावराचे हाल करण्यापेक्षा क्रॉसबो घ्यावा. ताटली त्यालाही लावायची, तीन बाण, सवलत नाही. आणि यापुढे ताटलीमागे लाकडाची फळी ठोकायची. बाण फळीत रुतून बसला नाही तर घरी जायचं. मी या वर्षी गेले असते तर बरं झालं असतं."

"पण मग उद्या सगळे धडधाकट लोकही तेच घेऊन येतील," डेल्बर्ट म्हणाला. आता तो चेष्टा करत नव्हता. "जंगलात गर्दी होईल. तूच म्हणायचीस."

"येतील. आणि गर्दी झाली तर गर्दीचा नियम करू. मोडक्या हाताच्या माणसाला बाहेर ठेवून गर्दी कमी करायची नाही. तसं एकदा केलंय आपण." मग म्हणाली, "मी केलंय."

हात वर झाले. इर्माचा डावा, उजवा जातच नव्हता. दोन मतांच्या फरकाने ठराव मंजूर झाला. डेल्बर्टने विरोधात हात वर केला आणि मग तिच्या ताटात आपली पास्टी वाढली.

बाहेर पडल्यावर इर्मा माझ्या गाडीत बसली. "चल," म्हणाली. कुठे ते विचारावं लागलं नाही.

वेस कोठाराच्या दारात बर्फ ओढत होता, एका हाताने. बहिणीला बघून थांबला. तिने खिशातून फाटकाची किल्ली काढून पुढे धरली, त्याचीच. ती कुणाला दिलेलीच नव्हती बाईने, सांभाळून ठेवली होती.

वेसने किल्लीकडे बघितलंही नाही. "रक्त लागलं तेव्हा मला का नाही बोलावलंस?" त्याने विचारलं. "डेल्बर्टला बोलावलंस. डेल्बर्टला, इर्मा! त्याला स्वतःच्या पावलांचा माग काढता येत नाही."

"लाज वाटली," इर्मा म्हणाली.

"मी आलो असतो."

"ठाऊक आहे. म्हणून तर लाज वाटली."

त्याने फावडं उचललं. मला वाटलं फेकतो की काय. मग त्याने ते भिंतीला टेकवलं, किल्ली घेतली आणि आत गेला. आम्ही मागोमाग. क्रॉसबो खुंटीला होता, धूळ खात. वेसने फिरकीचं हँडल फिरवून बघितलं, कट्‌ करून आतल्या चाकाचा दात मोडला. गंजलं होतं. तेव्हापासून वापरलंय कोणी?

"गेलं हे," वेस म्हणाला. "आता ताणायच्या त्या वेगळ्या दोरीनेच ओढावं लागेल. दोन मुठी असतात तिला, दोन हात लागतात." आपल्या खिशातल्या डाव्या हाताकडे त्याने नजर टाकली. "राहू दे आज."

"दोन आहेत की," इर्मा म्हणाली.

तिने क्रॉसबो तोंडाने जमिनीला टेकवला आणि त्याच्या उजव्या बाजूला उभी राहिली. वेस डावीकडे आला. पुढच्या लोखंडी कडीत पाय कुणी घालायचा यावर तेवढ्यात जुंपली. "माझा आहे, माझा पाय." "तुझा बूट मावत नाही, वेस, लहानपणापासून तुझे पाय मोठे!" शेवटी पाय तिचा. एक मूठ त्याच्या उजव्या हातात, दुसरी तिच्या डाव्या. "मी म्हटलं की ओढायचं," इर्मा म्हणाली. "मी म्हणणार," वेस म्हणाला. शेवटी कुणीच काही म्हटलं नाही, दोघांनी एकदम ओढलं. खट्‌ करून क्रॉसबोची दोरी खाचेत बसली.

मी कोठाराच्या टोकाला जुनी फळी उभी केली आणि गाडीतली पास्टीची रिकामी ताटली तिच्यावर टाचली. इर्माने खोगीर ठेवायच्या लाकडी घोडीवर क्रॉसबो टेकवला आणि चाप ओढला. बाण ताटलीत लागला आणि फळीतून आरपार निघून मागच्या भिंतीत जाऊन बसला.

"अगं बाई," इर्मा म्हणाली.

"पुढच्या ऑक्टोबरला दलदलीच्या वरच्या अंगाला बसू," वेस म्हणाला. "तुझा तो नर तेव्हा तिकडेच वर चढला असणार. खाली कधी जात नाहीत ते."

इर्मा भिंतीपाशी गेली आणि डाव्या हाताने बाण उपटायला लागली. निघेना. वेस तिच्याजवळ गेला आणि उजवा हात लावला.